तीन रुपये बाकी

१९९२ सालचा एप्रिल. विट्याच्या अलीकडे, दुपारी दोनच्या उन्हात, माझ्या अ‍ॅम्बॅसिडरने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. मागच्या सीटवर देवदर्शनाला निघालेलं नवं जोडपं आणि करवली, पुढे माझ्या शेजारी नवऱ्याचा चुलता. मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. चुलत्याने विचारलं, “डिझेल हाय का?” डिझेल नव्हतं. काटा महिनाभरापूर्वीच बंद पडला होता. पाच-पाच लिटर टाकायचं आणि किलोमीटरचा हिशेब डोक्यात ठेवायचा, असं माझं चाललं होतं. त्या दिवशी हिशेब चुकला.

रस्त्याच्या डाव्या हाताला उसाचा फड होता. फडापलीकडून विहिरीवरच्या इंजिनाचा एकसुरी आवाज येत होता. आवाजाच्या दिशेने चालत गेलो. धोतराचा काचा मारलेला एक म्हातारा उसात दारं धरत होता. त्याला म्हटलं, “बाबा, दोन लिटर डिझेल मिळंल का?” काही न बोलता तो खोपीत गेला. बाहेर आला तेव्हा एका हातात डिझेलचा कॅन होता आणि दुसऱ्या हातात पाना. मी म्हटलं, “पाना कशाला?”

“नुस्तं डिझेल वतून चालू हुतीया व्हय? एअर घेतली आसंल की तिनं.”

मला गाडी चालवता येत होती. लायसन होतं, बॅज होता. एअर घेणं म्हणजे काय, ते माहीत नव्हतं.

बोनेट उघडल्यावर म्हातारा आधी नुसता बघत उभा राहिला. मोटारीचं बोनेट त्याने यापूर्वी कधी उघडलं नसावं. मग टाकीकडून येणारी नळी त्याने बोटाने धरली आणि तिच्यावरून बोट सरकवत सरकवत पुढे गेला. “ही आली. ह्यो फिल्टर. ह्यो पंप. आन ह्या चार नळ्या. माझ्या इंजानाला येक हाय, तुझ्या चार.” एवढं बोलून त्याने फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट अर्धा फेरा ढिला केला आणि मला फीड पंपाची बारकी दांडी हलवायला लावली. मी हलवत राहिलो. बोल्टच्या बुडातून फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा पांढरा, फसफसणारा. फेस संपून नितळ धार लागली, तेव्हा त्याने बोल्ट आवळला. मग पंपावरचा बोल्ट, तिथेही तेच. शेवटी चारही नळ्यांचे नट इंजेक्टरपाशी ढिले केले आणि म्हणाला, “मार सेल्फ.” प्रत्येक नटातून डिझेलची चिळकांडी उडाली, तसा एकेक नट आवळत गेला. चौथा आवळायच्या आत इंजिन पेटलं.

त्याने दहा रुपये मागितले. दोन लिटर डिझेलचेच तेवढे होत होते. हवा काढायचे त्याने काही धरलेच नव्हते. मी घासाघीस केली आणि सात दिले.

त्या म्हाताऱ्याला मोटारीचं इंजिन कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढे तीस वर्षं डिझेल गाड्यांच्या पोटात हात घातल्यावर पडला. उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या भागात डिझेलची विद्या रस्त्यावरून आलेलीच नाही. ती विहिरीवरून आली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातलं सायकलचं दुकान आणि छोटा कारखाना आवरून १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती लोखंडी नांगरासाठी. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ साली काही महिन्यांपुरते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. नांगराच्या मागोमाग शेतकऱ्याची दुसरी गरज होती ती पाण्याची. मोटेला दोन बैल, एक माणूस आणि अख्खा दिवस लागे. कूपरचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं करू लागला होता. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढची तीस-चाळीस वर्षं कृष्णा-वारणेच्या काठाने विहिरीवर एक सिलिंडरचं इंजिन ही घरातल्या दुभत्या म्हशीइतकीच ओळखीची गोष्ट झाली. पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला १५०० फेरे, शेजारी भलं मोठं फ्लायव्हील, सुरू करायला हँडल. त्याचं नाव कागदावर काही असो, गावात ते ‘इंजान’.

इंजान बिघडलं की ते कारखान्यात न्यायचं कुणी? बैलगाडीत घालून तीस मैल? म्हणून गावोगाव मिस्त्री तयार झाले. कुणी सुतार होता, कुणी लोहार, कुणी नुसताच हिकमती. नोझल काढून पुसायचा, वॉशर बदलायचा, हवा काढायची, टॅपेट बसवायचे. शाळेत न गेलेल्या माणसाला सिलिंडरच्या आत काय चाललंय ते आवाजावरून सांगता येऊ लागलं. मग कोयनेची वीज आली. १९६० साली वीज मंडळ झालं, खेडोपाडी खांब उभे राहिले, आणि एकेका विहिरीवरचं इंजान उतरून तिथे बटणाची मोटर बसली. विजेचा भरवसा नाही म्हणून काही इंजिनं टिकली, त्यातलंच एक त्या म्हाताऱ्याचं. पण मिस्त्रीचं विहिरीवरचं काम आटलं. तो पाना घेऊन डांबरी रस्त्याकडे सरकला. तिथे जीप आल्या होत्या.

दुसरी विद्या एसटीने आणली. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. पुढे तालुक्यातालुक्याला डेपो झाले आणि डेपोत वर्कशॉप. तिथून रिटायर झालेला मेकॅनिक गावात आला, की पिंपळाखाली एक पत्र्याची शेड हमखास पडायची. विहिरीचा मिस्त्री आवाजावरून बोलायचा, एसटीचा मेकॅनिक मापावरून. माझ्या नशिबाने मला दोघांचीही विद्या मिळाली.

आता गाडीचं सांगतो. डिझेल इंजिन मुळात अवजड जात. रुडॉल्फ डिझेलचं चालणारं पहिलं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला उभं राहिलं, ते माणसापेक्षा उंच होतं. त्यात ठिणगीचा प्लग नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते पेटतं. मोटारीत ते बसायचं तर फवारा मारणारा पंप लहान आणि अचूक हवा. तो रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ पासून घाऊक बनवायला घेतला. १९३६ साली मर्सिडीजने डिझेलवर चालणारी पहिली मोटार विकायला काढली. भारतात हा पंप करायला १९५१ साली बंगळूरला ‘मायको’ निघाली. ट्रक आणि ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या आमच्या पिढीला बॉश हे नाव माहीत नव्हतं, मायको माहीत होती.

मोटारीत मात्र आपल्याकडे डिझेल यायला १९८० उजाडलं. त्या सुमारास मार्क फोर अ‍ॅम्बॅसिडरमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या घराण्यातलं १४८९ सीसीचं डिझेल इंजिन आलं. देशातली ही पहिली डिझेल मोटार. ताकद ३७ हॉर्सपॉवर, म्हणजे विहिरीवरची सात-साडेसात इंजिनं. त्यावर टनभराहून जड गाडी, सात-आठ माणसं आणि टपावर सामान. खंबाटकीचा घाट चढताना बाजूने सायकलवाला नाही गेला म्हणजे मिळवली, असं आम्ही म्हणायचो. पण डिझेलचा भाव सरकार ठरवी आणि तो पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असे. भाड्याच्या गाडीला एवढं कारण पुरे होतं. ज्यांना डिझेल गाडी परवडत नव्हती ते पेट्रोलच्या जुन्या विलीज जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन टाकून घेत. इकडे महिंद्राच्या जीपला प्यूजो घराण्याचं डिझेल इंजिन मिळालं, इगतपुरीत बनणारं, आणि सांगली-कोल्हापूर-साताऱ्यात वडापचं युग सुरू झालं. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा, आणि किन्नर, म्हणजे क्लीनर, मागच्या फाळक्यावर लोंबकळत.

मला मिळालेली गाडी मामाची. दहा वर्षं वापरून त्याने ती माझ्या हवाली केली, तेव्हा सौदा असा झाला: उत्पन्न निम्मं-निम्मं, डिझेल भाड्यातून, दुरुस्ती माझ्याकडे. मी वीस वर्षांचा होतो. दुरुस्ती म्हणजे कधीमधी पंक्चर, असं मला वाटत होतं. विट्याच्या रस्त्यावरून परत आल्यावर मामाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “इंजिन उघडायला शीक. न्हाईतर गाडी तुला खाईल.”

कराडजवळ हायवेला लागून गॅरेजांची एक ओळ होती. त्यातल्या एका शेडमध्ये जुना विहिरीवरचा मिस्त्री बसायचा, साठीचा, कानाने थोडा कमी ऐकणारा, पण इंजिनाचं सगळं ऐकणारा. त्याच्याशी मी करार केला. भाडं नसेल त्या दिवशी मी त्याच्याकडे पडेल ते काम करायचं, त्याच्या बदल्यात माझ्या गाडीला त्याने मला हात लावू द्यायचा. सामान माझं, मजुरी नाही. पहिले दोन महिने मी फक्त सुटे भाग डिझेलच्या ट्रेमध्ये धुतले. धुतलेला प्रत्येक भाग त्याच्या हातात द्यायचा आणि नाव सांगायचं. चुकलं की भाग परत ट्रेमध्ये.

पहिली खरी गोष्ट शिकलो ती मेलेला सिलिंडर ओळखायची. इंजिन थरथरत होतं, ताकद नव्हती. मिस्त्रीने इंजिन मंद चालू ठेवलं आणि पान्याने पहिल्या नळीचा नट किंचित ढिला केला. इंजिनाचा आवाज पडला, जणू चौघांतला एक खांदेकरी बाजूला झाला. नट आवळला, आवाज परत आला. दुसरा, तसंच. तिसरा ढिला केला आणि काहीच झालं नाही. आवाज होता तसाच. “ह्यो आधीच झोपलाय,” तो म्हणाला. “जो कामच करत न्हाई, त्याला काढला तर फरक पडंल का?” नोझल काढून बघितला तर टोकाला कार्बनची गाठ. चाळीस रुपयांचं काम. माझ्या आधीच्या दोन गॅरेजांनी त्याच दुखण्याला अख्खं इंजिन उतरवायचं सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट टॅपेटची. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या डोक्यावर रॉकर, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट हवी. फट कमी असेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो, जास्त असेल तर खडखडतो. पण कुठला व्हॉल्व्ह कधी मोजायचा? मिस्त्रीला वाचता येत नव्हतं, पण त्याचा एक पाढा होता, एसटीतल्या कुठल्याशा मेकॅनिकने दिलेला. पुढून मोजायचं, एक ते आठ. आठवा पुरा दाबला गेला की पहिला बसवायचा. सातवा दाबला की दुसरा. सहावा तर तिसरा, पाचवा तर चौथा, आणि मग उलट. “बेरीज नऊ. नवाच्या बाहेर गेलास तर चुकलास.” मी गाडी टॉप गियरमध्ये टाकून मागून इंच-इंच ढकलायची, तो रॉकर बघत “बास!” म्हणून ओरडायचा. मग मी पळत पुढे येऊन फीलर गेजचं पान फटीत सरकवायचं. पान कसं सरकावं? “सायीतनं चमचा ओढल्यावानी. लोण्यातनं न्हाई, पाण्यातनं बी न्हाई.” आकडा मी पुढे पुस्तकात वाचला. पण हात त्या सायीवरच तयार झाला.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त. इंजेक्टरखाली आणि डिझेलच्या जोडांवर तांब्याचा वॉशर असतो, गॅरेजच्या भाषेत वायसर. एकदा आवळला की दाबाने तो कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मग तिथून डिझेल झिरपतं किंवा हवा आत शिरते. नवा घ्यायचा तर पैसे. मिस्त्री जुने वायसर तारेत माळेसारखे ओवायचा, चहाच्या स्टोव्हच्या ज्योतीवर लालबुंद करायचा आणि पाण्याच्या डब्यात सोडायचा. चर्रर्र आवाज यायचा. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊ होतं. हे सोनार-तांबटांचं शतकांचं ज्ञान होतं, ते पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल गाडीच्या कामी येत होतं. थंड झालेला वायसर बारीक पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात घासला की नव्यासारखा. एकेक वायसर मी सहा-सहा वेळा वापरलाय.

हत्यारं मी एकेक करून जमवली. अ‍ॅम्बॅसिडरचे बोल्ट विलायती मापाचे, इंचातले. बाजारातले मिलीमीटरचे पाने तिथे एकतर सैल बसत नाहीतर बसतच नसत. सात-सोळा, अर्धा, नऊ-सोळा, एवढे तीन पाने असले की निम्मी गाडी उघडते. ते मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात फुटपाथवर गोणपाट पसरून माणसं अख्खं विसावं शतक किलोवर विकायची. नवे भाग नाना पेठेत, आणि कुठेच न मिळणारे भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथे ‘मिळत नाही’ हा शब्द नव्हता, ‘उद्या या’ होता. माझ्या गाडीच्या वॉटर बॉडीची, म्हणजे पाण्याच्या पंपाची, बेअरिंगची जागा झिजली होती. नवी वॉटर बॉडी घ्यायची ऐपत नव्हती. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने ती जागा मोठी केली, त्यात बुश ठोकला, बुश आतून कातला, आणि संध्याकाळच्या आत काम हातात दिलं. तो बुश गाडी विकेपर्यंत टिकला. विहिरीच्या इंजिनांचे सुटे भाग ओतून आणि कातून शिकलेलं ते शहर होतं. त्याला मोटारीचं कौतुक नव्हतं.

या सगळ्या जातव्यवस्थेत सगळ्यात वरचा असायचा तो पंप-नोझलवाला. त्याच्या दुकानात काचेची खोली, फरशी पुसलेली, आणि चप्पल बाहेर. टेबलावर नोझल टेस्टर: एक दांडा, एक घड्याळ. इंजेक्टर बसवून दांडा दाबला की काटा चढत जायचा, सव्वाशे किलोच्या आसपास नोझल ‘कुर्र’ करून उघडायचा आणि अगरबत्तीच्या धुरासारखा बारीक फवारा पडायचा. थेंब ठिबकला तर नोझल गेला. “बोट मधे घालायचं नाही हं,” तो प्रत्येकाला बजावायचा. तो फवारा कातडी भेदून आत जातो. पंपाच्या आतले दांडे आणि त्यांच्या नळ्या जोडीने घासलेल्या असतात, एका जोडीतला दांडा दुसऱ्या जोडीला चालत नाही. त्यावर शिशाचं सील. आमच्या मिस्त्रीने सगळं उघडलं, पण पंपाचं सील त्याने आयुष्यात तोडलं नाही. “तितं आपली हद्द संपती,” म्हणायचा.

ती हद्द मी एका वेगळ्या दाराने ओलांडली. दोन वर्षं झाली होती, मला सगळं येतं असं वाटू लागलं होतं. रेशनचं निळं रॉकेल डिझेलपेक्षा स्वस्त, आणि ओळीतले निम्मे गाडीवाले ते टाकीत मिसळायचे. सरकार रॉकेलला निळा रंग देई तो भेसळ कळावी म्हणूनच. पण टाकीत कोण बघतंय? मीही चार महिने मिसळलं. गाडी चालली. मग एक दिवस अशी सवय लागली, की सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू, आणि घाट चढून चहाला थांबलं की काही केल्या पेटायची नाही. कुणीतरी सांगितलं, पंपावर ओली चिंधी टाक. टाकली, दहा मिनिटांनी पेटली. मी ती युक्ती मोठ्या अभिमानाने मिस्त्रीला सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “टाकी उघड.” वास घेतला. मग जे बोलला ते छापता येणार नाही.

पंपाला वेगळं वंगण नसतं. डिझेल हेच त्याचं वंगण. रॉकेल पातळ आणि कोरडं, त्याने दांडे झिजतात. झिजलेल्या फटीतून गरम, पातळ झालेलं इंधन मागे निसटतं आणि नोझल उघडण्याइतका दाबच होत नाही. चिंधीने पंप थंड केला की इंधन थोडं दाट होतं, म्हणून पेटायची. चार महिन्यांत रॉकेलवर वाचवलेले पैसे आणि वर तीन महिन्यांची कमाई त्या काचेच्या खोलीत ठेवून आलो. पंपवाल्याने घासलेला जुना दांडा माझ्या हातात दिला. नखाने चाचपला, तर ओरखडा लागतसुद्धा नव्हता.

स्वस्त म्हणजे काय, याचा विचार मी त्या दिवसापासून करतोय. माझी दुरुस्ती स्वस्त होती, ती इंजिन उघडं आणि भोळं होतं म्हणून, हे खरं. एक तारही न जोडता चालेल असं ते यंत्र. नळी बोटाने धरून टाकीपासून सिलिंडरपर्यंत जाता येत होतं. पण ती स्वस्त होती याला दुसरीही कारणं होती. गॅरेजात बारा-तेरा वर्षांची तीन पोरं होती. त्यांचा पगार म्हणजे दोन वेळचं जेवण, चहा आणि टपल्या. माझ्याकडून मिस्त्रीने मजुरी घेतली नाही, ती वसूल झाली त्यांच्याकडून. शिवाय हवा होती. झिजलेल्या पंपाने, थकलेल्या रिंगांनी गाडी घाट चढायची तेव्हा मागे काळा लोट सुटायचा. माझ्या मागून येणाऱ्या सायकलवाल्याने त्याची किंमत चुकवली. मला बिल आलं नाही.

ते बिल पहिल्यांदा मुंबईत फाडलं गेलं. माझा मावसभाऊ तिथे काळी-पिवळी चालवायचा, डिझेलवरची पद्मिनी. धुराने हैराण झालेल्या रहिवाशांच्या संघटनेच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतली, लाल समिती बसली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला डिझेल टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं. मावसभावाने शिव्या दिल्या, किट बसवलं, आणि वर्षभराने फोनवर म्हणाला, “रात्री नाक शिंकरलं की काळं यायचं, ते थांबलं.” आमच्याकडे न्यायालय आलं नाही, भाव आला. सरकार २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या किमतीतून बाजूला झालं. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसिडर बनायची थांबली होती. माझी त्याच्या कितीतरी आधी गेली. पत्रा कुजला, पासिंग जमेना, आणि इस्लामपूरच्या भंगारवाल्याने ती तोलून नेली. इंजिन मात्र त्याने वेगळं काढून ठेवलं. कुणीतरी ते चारा कापायच्या यंत्राला लावलं, असं नंतर कानावर आलं. विहिरीवरच्या विद्येने चालवलेलं इंजिन शेवटी शेतातच परत गेलं.

मिस्त्री २००३ साली गेला. शेडच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या तीन पोरांपैकी एकाने पुढे पंप-नोझलचं काम शिकून स्वतःची काचेची खोली केली. आज तो नव्या गाड्यांचे इंजेक्टर तपासतो, ज्यांचा दाब घड्याळावर नाही, पडद्यावर दिसतो, आणि तोही हजार-दोन हजार किलोंचा. तिथे नट ढिला करून मेलेला सिलिंडर शोधायला जाल तर हात गमवाल. मी त्याच्याकडे गेलो की तो उठून उभा राहतो आणि खुर्ची देतो. मला तेव्हा तो कपबश्या धुताना आठवतो, आणि मी चहा नको म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात विट्याच्या रस्त्याने गेलो. रस्ता रुंद झालाय, फड कुठला ते नेमकं ओळखू येईना. एका विहिरीच्या कडेला सौरपंपाच्या काचा उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. आवाज कसलाच नव्हता. गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तिथे उभा राहिलो. दारं धरणारा एक तरुण पोरगा लांबून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, “काय पायजे, काका?”

त्याला काय सांगणार? त्याच्या आजाचे, नाहीतर शेजारच्या कुणाच्या आजाचे, माझ्याकडे तीन रुपये राहिलेत.